नेमलेली कादंबरी आणि वाचकाची नावड : रसविघ्न की अनौचित्य?

१

अभिजात कादंबरी शाळेत नेमली गेली की ती नावडती होते, ही तक्रार इंग्रजी साहित्याच्या शालेय अध्यापनाला दीर्घकाळ चिकटलेली आहे. अमेरिकेतील माध्यमिक शाळांत ‘सायलस मार्नर’, ‘द स्कार्लेट लेटर’, ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’, ‘हकलबरी फिन’ या कादंबऱ्या पिढ्यानपिढ्या शिकविल्या गेल्या आणि पिढ्यानपिढ्या नावडल्या. या नावडीची दोन स्पष्टीकरणे रूढ आहेत. एका मतानुसार विद्यार्थी अरसिक किंवा अपक्व असतो. मोठा झाल्यावर त्याला कृतीचे मोल कळेल. दुसऱ्या मतानुसार कृतीच कालबाह्य झालेली असते. ती यादीतून काढून टाकावी. पहिल्या मतात दोष वाचकाकडे जातो, दुसऱ्यात कृतीकडे. दोन्ही मतांनी नावड ही एकजिनसी गोष्ट मानली आहे, आणि येथेच विवेचनाची वाट चुकते.

नावडीचे किमान दोन प्रकार आहेत आणि ते परस्परांहून मूलतः भिन्न आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हा भेद स्पष्ट करण्यासाठी संस्कृत काव्यशास्त्रातील ‘रसविघ्न’ आणि ‘अनौचित्य’ या दोन संकल्पनांचा आधार घेतला आहे. या संकल्पना मूळ नाट्य आणि काव्य यांच्या संदर्भात मांडल्या गेल्या; कादंबरीच्या वाचनाकडे त्यांचा केलेला विस्तार हा लेखकाचा आहे. उदाहरणे मात्र अमेरिकन शाळांतील घेतली आहेत, कारण तेथे नेमणुकीचा इतिहास आणि नावडीविषयीचा वाद हे दोन्ही लिखित स्वरूपात उपलब्ध आहेत.

२

नेमलेली कादंबरी कशी जन्माला आली, हे प्रथम पाहिले पाहिजे. हार्वर्डने १८७४ च्या प्रवेशपरीक्षेसाठी इंग्रजी निबंधाचा विषय ठरावीक ग्रंथांतून दिला जाईल असे जाहीर केले. त्या ग्रंथांत शेक्सपिअरच्या तीन नाटकांबरोबर गोल्डस्मिथची ‘द व्हिकार ऑफ वेकफील्ड’ आणि स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ या कादंबऱ्या होत्या. वेगवेगळ्या महाविद्यालयांच्या याद्या वेगवेगळ्या असल्याने शाळांची ओढाताण होऊ लागली, तेव्हा १८९४ मध्ये समान प्रवेश-अटींसाठी एक राष्ट्रीय परिषद भरली. यादी आखण्यामागे विद्यार्थ्याला लिहिता यावे आणि त्याची परीक्षा घेता यावी, ही गरज होती. कादंबरीच्या आस्वादाचा प्रश्न त्यात गौण होता. महाविद्यालयांच्या या वर्चस्वाविरुद्धचा असंतोष हे १९११ मध्ये इंग्रजीच्या शिक्षकांची राष्ट्रीय परिषद स्थापन होण्यामागील एक प्रमुख कारण होते.

तथापि यादीची जडता मोठी असते. १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेली जॉर्ज एलियटची ‘सायलस मार्नर’ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही अमेरिकन शाळांत ठाण मांडून होती. आर्थर ॲपलबी यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सर्वाधिक शिकविल्या जाणाऱ्या दहा ग्रंथांत तिचे नाव उरले नव्हते. ‘हकलबरी फिन’, ‘द स्कार्लेट लेटर’ आणि ‘द ग्रेट गॅट्स्बी’ मात्र तेथे होत्या. म्हणजे यादीतील नावे बदलतात, पण नेमणुकीची रीत फारशी बदलत नाही. विद्यार्थ्याच्या हाती येते ती परीक्षेच्या साच्यातून गेलेली कादंबरी. तिच्याविषयीच्या नावडीचा विचार मूळ कादंबरीविषयीच्या नावडीपासून वेगळा करावा लागतो.

३

‘अभिनवभारती’त अभिनवगुप्ताने रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. शालेय वाचनाच्या संदर्भात त्यांतील तीन विशेष बोलकी आहेत.

पहिले ‘निजसुखादिविवशीभाव’. स्वतःच्या सुखदुःखाने ग्रासलेला प्रेक्षक समोरच्या गोष्टीत चित्त ठेवू शकत नाही. उद्याच्या चाचणीत पात्रांची नावे आणि प्रकरणांचा क्रम विचारला जाईल, या धास्तीने वाचणारा विद्यार्थी नेमका याच अवस्थेत असतो. लुईझ रोझेनब्लाट यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात वाचनाचे दोन पवित्रे सांगितले : वाचून झाल्यावर काही घेऊन जाण्यासाठी केलेले वाचन आणि वाचत असतानाच्या अनुभवासाठी केलेले वाचन. चाचणी पहिल्या पवित्र्याची सक्ती करते. ज्याला फक्त ‘घेऊन जायचे’ आहे त्याला कादंबरीची गरजच नसते, सारांश पुरतो. नेब्रास्कातून १९५८ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लिफ्स नोट्स’ या मार्गदर्शकांना मिळालेले यश या दृष्टीने पाहावे. आपल्याकडील गाईडचे अर्थशास्त्रही याहून निराळे नाही.

दुसरे ‘प्रतीत्युपायवैकल्य’, म्हणजे प्रतीतीच्या साधनांची उणीव. भाषेचे अपरिचितपण हा तिचा उघड भाग आहे. वाचनाची लय हा दुर्लक्षित भाग. डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात साप्ताहिकातून ३६ हप्त्यांत प्रसिद्ध झाली. प्रत्येक हप्त्यानंतर आठवडाभर वाट पाहणे हा मूळ वाचकाच्या अनुभवाचाच घटक होता. तीच ५९ प्रकरणे काही थोड्या आठवड्यांत, प्रश्नोत्तरांसह संपविण्यास सांगितली की त्यांतील विस्तार पाल्हाळ वाटू लागतो. ‘द स्कार्लेट लेटर’मध्ये हेस्टर प्रिन वधस्तंभाच्या चौथऱ्यावर येण्यापूर्वी हॉथॉर्नने सेलमच्या जकातघराविषयीची दीर्घ प्रस्तावना घातली आहे. १८५० च्या वाचकाला त्यातील स्थानिक राजकारणाचा उपरोध कळत होता. सोळा वर्षांच्या आजच्या मुलाला ती कादंबरीच्या दाराला घातलेली कडी वाटते.

तिसरे ‘अप्रधानता’. जे मुख्य आहे त्याला मागे सारून गौण गोष्टीला पुढे आणले की प्रतीती विस्कटते. ‘द ग्रेट गॅट्स्बी’ शिकविताना हिरवा दिवा कशाचे प्रतीक आहे, हा प्रश्न इतका पुढे येतो की निक कॅरवे या निवेदकाची गॅट्स्बीविषयीची दोलायमान वृत्ती, जिच्यावर कादंबरीचा सारा डोलारा उभा आहे, ती बाजूला पडते. विद्यार्थी प्रतीके वेचू लागतो, माणसे हरवतात.

अभिनवगुप्ताच्या मांडणीतील एक विशेष येथे ध्यानात घेतला पाहिजे. विघ्ने सांगून तो थांबत नाही; त्यांच्या निवारणाचे उपायही सांगतो. निजसुखदुःखाचा पगडा दूर व्हावा म्हणून गीत, वाद्य, मंडपाची शोभा यांची योजना असते. विघ्न दूर करण्याची जबाबदारी प्रेक्षकावर न टाकता ती प्रयोगाच्या व्यवस्थेकडे सोपविली आहे. हे सूत्र वर्गाला लावले तर ‘विद्यार्थी अरसिक आहे’ हे स्पष्टीकरण टिकत नाही. वर्ग हाही एक प्रयोग आहे आणि शिक्षक त्याचा सूत्रधार. सूत्रधाराने मंडपच उभारला नसेल तर प्रेक्षकाला बोल लावता येत नाही.

४

परंतु प्रत्येक नावड विघ्नात बसविता येत नाही. या ठिकाणी ‘हकलबरी फिन’चे उदाहरण निर्णायक ठरते.

शिकागो विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या आरंभी पॉल मोझेस या कृष्णवर्णीय तरुण अध्यापकाने ही कादंबरी यापुढे शिकविण्यास नकार दिला. गुलामगिरी आणि कृष्णवर्णीय यांविषयीची तिची गृहीते आपल्याला अपमानास्पद वाटतात आणि विद्यार्थ्यांनाही अपायकारक ठरतील, असा त्याचा आक्षेप होता. ही हकीकत त्याचे सहकारी वेन बूथ यांनी ‘द कंपनी वुई कीप’ या १९८८ च्या ग्रंथाच्या आरंभी दिली आहे. त्या वेळी सहकाऱ्यांना हा नकार गैर वाटला. मोझेसचा संताप त्याच्या वाचनाच्या आड येत आहे, असे त्यांनी मानले. आपल्या परिभाषेत सांगायचे तर त्यांनी मोझेसच्या नावडीला ‘निजसुखादिविवशीभाव’ ठरविले. पुढे बूथ यांनी ही भूमिका सोडली आणि मोझेसचा आक्षेप ही नैतिक समीक्षाच होती, असे मान्य केले.

ही नावड समजून घेण्यासाठी अभिनवगुप्ताकडून आनंदवर्धनाकडे वळावे लागते. ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात अनौचित्य हेच रसभंगाचे कारण मानले आहे आणि त्या संदर्भात पात्रांच्या प्रकृतीच्या औचित्याची चर्चा केली आहे. येथे रसभंगाचे मूळ कृतीतच असते. तराफ्यावरच्या प्रवासात जिमला मिळालेली माणूस म्हणूनची प्रतिष्ठा शेवटच्या प्रकरणांत ढासळते. टॉम सॉयर त्याच्या सुटकेचा लांबलचक पोरखेळ मांडतो आणि अखेरीस कळते की मालकिणीने मृत्युपत्रात जिमला आधीच मुक्त केले होते. लायनेल ट्रिलिंग (१९४८) आणि टी. एस. एलियट (१९५०) यांनी या शेवटाचे समर्थन केले. लिओ मार्क्स यांनी १९५३ मध्ये त्यांना विस्तृत उत्तर देऊन तो कादंबरीच्या आशयाशी विसंगत ठरविला. मार्क्स यांचा आक्षेप प्रकृत्यौचित्याच्या अंगाने सहज मांडता येतो. मोझेसचा आक्षेप त्याहून व्यापक आहे, कारण तो शेवटापुरता मर्यादित नसून कृतीने गृहीत धरलेल्या वाचकाविषयी आहे. दोघांच्याही नावडीचा आधार कृतीत दाखविता येतो. हाच विघ्न आणि अनौचित्य यांतील व्यवहार्य भेद होय : विघ्न परिस्थितीत दाखवावे लागते, अनौचित्य संहितेत.

येथे एक शंका संभवते. प्रत्येक वाचक आपल्या कंटाळ्याला ‘अनौचित्य’ म्हणू लागला तर? उत्तर वरील भेदातच आहे. कंटाळलेल्या विद्यार्थ्याला ‘कोठे?’ असे विचारावे. तो पानावर बोट ठेवू शकला आणि कारण सांगू शकला, तर त्याची नावड समीक्षेच्या वाटेवर आली. तसे झाले नाही तर शिक्षकाने विघ्न शोधावे.

५

या भेदाचे अध्यापनातील मोल जेरल्ड ग्राफ यांच्या अनुभवावरून कळते. बालपणी पुस्तकांविषयी नावड आणि भीती बाळगणाऱ्या ग्राफ यांना महाविद्यालयात ‘हकलबरी फिन’च्या शेवटावरील समीक्षकांचा वाद वाचल्यावर प्रथमच त्या कादंबरीत गोडी वाटू लागली, असे त्यांनी १९९२ मध्ये लिहिले. विद्वानांनाही हा शेवट खटकू शकतो, हे कळताच स्वतःची अस्वस्थता त्यांना बोलण्याजोगी वाटली. कृतीच्या थोरवीची ग्वाही जे करू शकली नाही, ते तिच्याविषयीच्या मतभेदाने केले.

मराठीच्या अध्यापकांना हा विषय परका नाही. १८४४ मध्ये हार्डिंग यांच्या ठरावाने इंग्रजी शिक्षण घेतलेल्यांना सरकारी नोकरीत प्राधान्य दिले. तेव्हापासून वाङ्मयाचे वाचन आणि परीक्षेतील यश यांची सांगड आपल्याकडेही पक्की होत गेली. इंग्रजी वाङ्मय हा अभ्यासविषय म्हणून वसाहतीतच कसा आकाराला आला, हे गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मध्ये सविस्तर दाखविले आहे. पुढे मराठी कादंबरी अभ्यासक्रमात आली ती याच घडणीत. ‘नेमलेले पुस्तक’ हा आपला शब्दप्रयोगच पुरेसा सूचक आहे : नेमणूक कामाची होते, आवडीची होत नाही.

म्हणून प्रश्नपत्रिकेकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. ‘या कादंबरीचे वाङ्मयीन मोठेपण स्पष्ट करा’ या प्रश्नात निर्णय आधीच झालेला असतो; विद्यार्थ्याने त्यावर सही करायची असते. ज्याला कादंबरी आवडली नाही त्याला गुणांसाठी खोटे लिहावे लागते आणि वाङ्मयाच्या परीक्षेत अप्रामाणिकपणाचा पहिला धडा मिळतो. कादंबरीचा कोणता भाग पटला नाही, हे संहितेच्या आधारे मांडण्यास सांगणारा एक प्रश्न प्रत्येक प्रश्नपत्रिकेत असावा आणि त्याच्या उत्तराला प्रशंसेइतकेच गुण मिळावेत. असा प्रश्न तपासणे शिक्षकाला अधिक कष्टाचे जाईल, कारण गाईडमध्ये त्याचे उत्तर नसेल. सहृदय होण्याची तयारी मात्र अशाच उत्तरांतून सुरू होते.