नळातले एकाच दिशेचे दार

इंदूरच्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर प्रवास करून येते. पहिल्या टप्प्याचे पाणी १९७८ साली शहरात पोहोचले. नदी खाली निमाडात आणि आपण वर माळव्याच्या पठारावर, म्हणून पंपांनी ते विंध्याचा चढ चढवावे लागते.

आता सांगा, वीज एकाएकी गेली आणि पंप थांबले तर चढावरचे पाणी काय करील? पाण्याची ओढ उताराकडे. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो भार पडतो. एवढे पाणी मागे फिरले तर पंप उलटे फिरून निकामी होतील. म्हणून पंपाच्या पुढे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात. प्लंबर त्याला एनआरव्ही म्हणतात.

याची रचना अगदी सोपी. आत बिजागरीवर टांगलेली एक झडप असते. पाणी पुढे जाताना ती उघडते आणि मागे येऊ लागताच त्याच पाण्याच्या दाबाने मिटते. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह याच जातीचा. आपल्या हृदयातल्या चार झडपाही रक्ताला मागे फिरू देत नाहीत.

घरात याचा काय संबंध? पुरवठा बंद झाला की वाहिनीतला दाब उतरतो. त्यात कोणी थेट नळाला मोटर लावली तर वाहिनीतले पाणी खेचले जाते. अशा वेळी शेजारच्या घरी नळाची रबरी नळी बादलीत बुडलेली असेल तर तिच्यातले घाण पाणी सर्वांच्या वाहिनीत शिरू शकते. गळक्या सांध्यातून गटाराचे पाणीही आत ओढले जाते.

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस आपल्याच शहरात, भागीरथपुऱ्यात, पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. शेकडो लोक आजारी पडले, अनेकांचे प्राण गेले. तेथे मुख्य वाहिनीला गळती होती, आणि गळती एनआरव्हीने थांबत नाही, ती दुरुस्तच करावी लागते. परंतु आपल्या घरातून घाण मागे जाऊ न देणे आपल्या हाती आहे.

पालकांना आमची विनंती आहे की, मोटर थेट नळाला लावू नये. पाणी आधी जमिनीतल्या टाकीत घ्यावे, मग वर चढवावे. नळाचे तोंड बादलीतल्या किंवा टाकीतल्या पाण्यापेक्षा चार बोटे तरी वर असावे, कारण मधल्या हवेच्या अंतरातून पाणी उलटे जात नाही. एनआरव्ही बसवताना त्यावरचा बाण पाणी वाहण्याच्या दिशेने आहे ना, हे पाहावे. खडा किंवा गाळ अडकला तर झडप पूर्ण मिटत नाही. विहिरीच्या मोटरीत दर वेळी पाणी भरावे लागत असेल तर आधी फूट व्हॉल्व्ह तपासावा.

मुलांनो, आज घरी जाऊन नळाखालची बादली पाहा. नळी बुडलेली दिसली तर लगेच वर काढा. आपल्या आणि शेजाऱ्याच्या पेल्यात येणारे पाणी एकाच वाहिनीतले आहे.