व्हीलचेअरला मोटर जोडल्यावर

प्रश्न : व्हीलचेअरला पुढून मोटरचं चाक जोडलं आहे. वळताना खुर्ची कलते. काय करावं?

उत्तर : आयआयटी मद्रासमध्ये विकसित झालेल्या ‘निओबोल्ट’ या अशाच मोटर-जोडणीचा कमाल वेग ताशी 25 किलोमीटर. अशी जोडणी बसली, की खुर्चीची पुढची छोटी चाकं उचलली जातात आणि तिची तीनचाकी होते; ती वेगात वळताना कलते. म्हणून वेग वळणाआधीच कमी करावा आणि अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवावं.

चढावर भार मागे सरकतो, पुढचं चाक जागीच फिरू लागतं. अशा वेळी धड पुढे न्यावं.

गतिरोधक तिरका घेऊ नये. सरळ, सावकाश ओलांडावा. निघण्यापूर्वी जोडणीचं लॉक, ब्रेक आणि टायरमधली हवा तपासावी. पट्टा बांधावा. पहिला सराव मोकळ्या मैदानात, कुणीतरी सोबत असतानाच करावा.