झोनची पायरी चढण्याआधी

हे बघ पोरी, गोकुळपेठ बाजारामागची नाली दुरुस्त व्हावी म्हणून सह्यांचा गठ्ठा घेऊन धरमपेठ झोनमध्ये लगेच धडकू नको. आधी जागा नागपूर सुधार प्रन्यासची (नासुप्र) की महापालिकेची ते बघ. नागपुरात अर्ध्या चपला याच प्रश्नापायी झिजतात. मग महापालिकेचं अंदाजपत्रक उघड. आपलं काम बसेल असं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, आणि त्यात तरतूद नसेल, तर आयुक्तांच्या मनात असूनही बिल निघायचं नाही. कायद्यानं त्यांचे हात तिथंच बांधलेत.

तरतूद सापडली तरी पेढे वाटू नको. तो आकडा अपेक्षित उत्पन्नावर मांडलेला असतो. मालमत्ता कराची वसुली हुकली की फाइल लेखा विभागात बसून राहते. म्हणून झोनच्या साहेबांना एवढंच विचार, ‘लेखा विभागानं निधी आहे असं लिहून दिलं का?’

पैशाची ही ओढाताण का, तर जकात होती तोवर नाक्यावरची रोकड आपली होती. एप्रिल 2013 मध्ये तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, जुलै 2017 मध्ये जीएसटी, आणि डोळे मुंबईच्या, म्हणजे राज्य सरकारच्या, अनुदानाकडे लागले. त्यातून आधी पगार, पेन्शन, वीजबिल. कर्ज काढायचं तरी सरकारची परवानगी लागते.

एक मर्यादा मात्र मला पटत नाही. आस्थापना खर्च, म्हणजे पगार-पेन्शन, उत्पन्नाच्या 35 टक्क्यांवर गेला की सरकार नवी भरती अडवतं. शिस्त हवीच, पण कमाईची साधनं काढून घेतल्यावर टक्का फुगणारच ना? मग एस्टिमेट करायलाच माणूस नसतो. कनिष्ठ अभियंत्यावर ओरडू नको, बापडा दोघातिघांचं काम ओढत असतो.

23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला, घराघरांत पाणी शिरलं. तशा संकटासाठी महापालिका कायद्यात कलम 67 आहे: आयुक्तांनी आधी काम करावं, मग स्थायी समितीला कळवावं. दरवर्षी तुंबणारी नाली त्या कलमात कोंबायला जाऊ नको, ऑडिटमध्ये अडकते. आणि कुणी ‘कामाचे तुकडे पाडू, मंजुरी खालच्या खाली होईल’ म्हणालं, तर नमस्कार करून बाहेर ये.

जायचं ते दिवाळीनंतर लगेच. पुढच्या वर्षाचे आकडे तेव्हा जुळवायला घेतात, आपली नाली त्यात घुसवता येते. मार्चमध्ये सगळे बिलांच्या मागे असतात, तुला बस म्हणायलाही कुणाला सवड नसते.