सहलीची बदललेली वाट

बंगळूरचे कुटुंब म्हैसूरला निघाले, की वाटेत मद्दूरला थांबून गरम वडा खाई आणि चन्नपट्टणला मुलांसाठी लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी घेई. सहलीचा निम्मा आनंद या थांब्यांतच असे. मार्च २०२३ मध्ये नव्या द्रुतगती मार्गाचे उद्घाटन झाले आणि सुमारे तीन तासांचा प्रवास दीड तासावर आला. शनिवार-रविवारच्या छोट्या सहली सोयीच्या झाल्या, हे खरेच. परंतु हा मार्ग चन्नपट्टण आणि मद्दूर या दोन्ही गावांना बाहेरून वळसा घालतो. परिणामी जुन्या रस्त्यावरील उपाहारगृहांचे व खेळण्यांच्या दुकानांचे गिऱ्हाईक घटले. चन्नपट्टणच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. ती घेण्यासाठी मात्र आता मार्ग सोडून मुद्दाम गावात शिरावे लागते.