अंगावरची खूण पुसणाऱ्या स्त्रिया
(कौटुंबिक अभ्यासपाठ)



सत्याग्रह म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे मोर्चा, निशाणे आणि घोषणा उभ्या राहतात. आजच्या पाठात मात्र आपण अशा स्त्रियांची माहिती घेणार आहोत, की ज्यांनी अंगावरच्या वस्त्रानेच जुलमाशी सामना दिला. तुम्ही नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. म्हणून हा पाठ घरातील सर्वांनी मिळून वाचावा. ज्या भगिनीला वाचता येत नसेल तिला मुलांनी मोठ्याने वाचून दाखवावा.

प्रथम एक प्रश्न. जातिव्यवस्था टिकते कशाने? केवळ ग्रंथांनी नव्हे. गावात ते ग्रंथ कितीजणांनी वाचलेले असतात? ती टिकते खुणांनी. कोणी कोणते वस्त्र नेसावे, कोठपर्यंत नेसावे, कोणत्या धातूचा दागिना घालावा हे एकदा ठरवून दिले, म्हणजे समोरून येणाऱ्याला जात विचारावी लागत नाही. आणि या खुणा सर्वांत अधिक लादल्या गेल्या त्या स्त्रियांच्या अंगावर.

याचे एक उदाहरण दक्षिणेतील त्रावणकोर संस्थानात सापडते. या संस्थानाचा बराचसा भाग आज केरळात, तर कन्याकुमारीकडचा भाग तामिळनाडूत आहे. तेथे ताडाच्या झाडावर चढून रस काढणारी शाणार, म्हणजेच नाडार, ही जात होती. या जातीच्या स्त्रियांनी कमरेच्या वर वस्त्र घ्यायचे नाही असा दंडक होता. वरिष्ठ जातीच्या माणसापुढे छाती उघडी ठेवणे यालाच तेथे आदर म्हणत!

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या समाजातील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्मांतरित स्त्रियांना आखूड सदरा घालण्याची परवानगी मिळाली. परंतु नायर स्त्रिया घेत तसे खांद्यावरून वस्त्र घेण्याची परवानगी नव्हती. याचा अर्थ उघड आहे. अंग झाका, पण बरोबरी करू नका!

या स्त्रियांनी बरोबरी केली. सदऱ्यावर त्यांनी खांद्यावरचे वस्त्रही घेतले आणि त्या बाजारात गेल्या. त्यांच्या हातात शस्त्र नव्हते, तोंडात शिवी नव्हती. तरीही भर बाजारात त्यांची वस्त्रे फाडण्यात आली. प्रार्थनामंदिरे आणि शाळा जाळण्यात आल्या. 1829 साली तर सरकारनेच जाहीरनामा काढून त्यांना ते वस्त्र घेण्यास मनाई केली. पण स्त्रियांनी माघार घेतली नाही. धर्मांतर न केलेल्या नाडार स्त्रियाही पुढे त्यांच्यासारखे वस्त्र घेऊ लागल्या. 1858-59 साली पुन्हा दंगे झाले. अखेर 26 जुलै 1859 रोजी महाराजांनी जाहीरनामा काढून नाडार स्त्रियांना अंग झाकण्याची मोकळीक दिली. मात्र वरिष्ठ जातीच्या स्त्रियांसारखे वस्त्र घ्यायचे नाही, ही अट त्यातही ठेवली.

या अटीकडे नीट लक्ष द्या. जुलूम करणाऱ्याला कापडाचा राग नव्हता, राग होता बरोबरीचा. दुसरी गोष्ट अशी, की धर्म बदलल्यामुळे या स्त्रियांना बळ मिळाले, पण खूण आपोआप पुसली गेली नाही. ती त्यांना रोज बाजारात जाऊन स्वतःच्या हाताने पुसावी लागली.

आता आपल्या कोकणातील महाडकडे येऊ. 1927 च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, हे तुम्हांस ठाऊक आहेच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सत्याग्रहासाठी तेथे पुन्हा परिषद भरली. 25 डिसेंबर रोजी मनुस्मृती जाळण्यात आली. परंतु तळ्याच्या बाबतीत स्पृश्यांनी कोर्टाकडून मनाईहुकूम मिळविला होता, म्हणून पाण्याचा सत्याग्रह पुढे ढकलावा लागला.

या परिषदेच्या वेळी बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांपुढे स्वतंत्रपणे बोलले. गुडघ्यापर्यंत आखूड नेसलेले लुगडे, गळाभर आणि हातभर घातलेले हलके दागिने, या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. मुलींनाही शिक्षण देण्याचा आग्रह धरला. ते ऐकून अनेक स्त्रियांनी तेथेच आपली नेसण्याची पद्धत बदलली आणि पायघोळ लुगडी नेसली. महाडच्या लढ्यात बाबासाहेबांना साथ देणाऱ्या टिपणीस आणि चित्रे यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना नेसायला मदत केली.

बंधुभगिनींनो, येथे थोडे थांबून विचार करा. तळ्याचा खटला मुंबईच्या हायकोर्टात निकालात निघाला तो 1937 साली. पाण्याचा हक्क कायद्याने सिद्ध होण्यास जवळजवळ दहा वर्षे लागली. लुगड्यावर मात्र कोणालाही मनाईहुकूम आणता आला नाही! त्या मातांनी निकालाची वाट पाहिली नाही. आणि परिषद संपल्यावर काय? मंडप उठला, पुढारी आपापल्या गावी गेले. त्या बाया मात्र पायघोळ लुगडे नेसून आपल्या खेड्यात परतल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना पाटलाच्या वाड्यावरून आणि बांधावरून एकटीनेच जायचे होते. मोर्चात पुरुषाच्या मागे हजार माणसे असतात. नेसलेल्या लुगड्याचा सत्याग्रह बाईला एकटीने आणि रोज करावा लागतो.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून माझ्या वर्गातील एका मुलीच्या आईची हकीकत सांगते. या कुटुंबाने मागील वर्षी दीक्षा घेतली. ही बाई एका घरी धुण्याभांड्यांच्या कामाला जात असे. तेथे तिचा चहाचा कप वेगळा असे. मागील दारी, वळचणीला खोचलेला, कान तुटलेला. दीक्षेनंतर एके दिवशी तिने तो कप फेकला नाही, की कोणाशी भांडली नाही. चहा पिऊन कप स्वच्छ धुतला आणि घरातल्या कपांच्या रांगेत नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तिचे काम सुटले.

ती रडली, पण कामासाठी नव्हे. तिचा नवरा म्हणाला, "दीक्षा घेतली म्हणून पोटावर पाय द्यायचा का?" त्या बोलण्याने ती रडली. हाच गृहस्थ दीक्षेच्या दिवशी मिरवणुकीत सर्वांत पुढे होता. तो वाईट माणूस नाही. त्याला चार पोटे भरायची आहेत. परंतु त्या कपाची खूण त्याच्या डोळ्यांना दिसली नव्हती, कारण त्या कपातून तो कधी प्याला नव्हता.

ते काम तिला परत मिळाले नाही. ती आता दूरच्या गावी शेतमजुरीला जाते. मुलीच्या वह्यापुस्तकांचा भार विहारातील महिला मंडळाने उचलला आहे. या हकीकतीचा शेवट गोड नाही, हे मी लपवत नाही. बरोबरीची किंमत द्यावीच लागते. ती किंमत एकट्या बाईने द्यायची की सर्वांनी वाटून घ्यायची, एवढाच प्रश्न आहे.

तथागतांनी भिक्षुणीसंघात स्त्रियांना स्थान दिले. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. ती विहारात म्हटली म्हणजे पुरी होत नाही. ज्या दिवशी घरातील स्त्री एखादी खूण पुसायला उठते, त्या दिवशी त्या प्रतिज्ञेची परीक्षा असते. त्या दिवशी तिला "कशाला वाद घालतेस?" असे विचारणारा आपल्याच घरातला नसावा.

घरी चर्चेसाठी प्रश्न :

1. त्रावणकोरच्या 1859 च्या जाहीरनाम्याने काय दिले आणि काय राखून ठेवले?

2. महाडच्या स्त्रियांचा सत्याग्रह पुढे का ढकलता आला नाही?

3. आपल्या घरातील स्त्रीच्या वाट्याला आजही कोणती खूण येते? हे तिलाच विचारा, आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.

भवतु सब्ब मंगलं.