क्रेडिट कार्डचा अर्ज नाकारला गेला? आधी कारण वाचा, मग पुढचं पाऊल टाका



उत्तर चुकलं म्हणून रडायचं नाही, कुठं चुकलं ते बघायचं, असं आपण वर्गात मुलांना रोज सांगतो. मागच्या वर्षी हेच वाक्य मला स्वतःला पाळायची वेळ आली. मी क्रेडिट कार्डसाठी अर्ज केला होता. सेवेला अकरा वर्षं झालेली, पगार दर महिन्याला बँकेत जमा, कुणाचा एक रुपया बुडवलेला नाही. तरी आठ दिवसांनी मोबाईलवर संदेश आला : आपला अर्ज मंजूर करता येत नाही.

घरी सांगितलं, तर सासऱ्यांनी पेपरातून मान वर करून विचारलं, "सूनबाई, कुठं काही थकलंय का?" त्यांनी सहज विचारलं होतं, पण मला ते फार लागलं. रागाच्या भरात मी त्याच रात्री दुसऱ्या बँकेत अर्ज भरला. तोही नाकारला गेला. ही माझी पहिली चूक. ती तुमच्याकडून होऊ नये, म्हणून आजचा हा पाठ.

१) लगेच दुसरा अर्ज करू नका

आपण अर्ज केला की बँक आपला पतअहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद अहवालात राहते. थोड्या दिवसांत चार ठिकाणी अर्ज केले, की हा माणूस पैशाच्या अडचणीत आहे असं पुढच्या बँकेला वाटतं. आपण स्वतः आपला अहवाल पाहिला तर मात्र गुण कमी होत नाहीत. त्यामुळे तो पाहायला घाबरू नका.

२) बँकेकडून लेखी कारण मागा

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली क्रेडिट कार्डांविषयी जे निर्देश दिले, त्यात अर्ज नाकारल्यास त्याचं नेमकं कारण अर्जदाराला लेखी कळवायचं आहे. 'बँकेच्या धोरणानुसार' एवढंच उत्तर आलं असेल, तर नेमकं कारण कळवा असा ई-मेल करा. मी दोन ओळींचा ई-मेल केला. उत्तर आलं : पतअहवालातील थकबाकी. मला तर धक्काच बसला. माझी थकबाकी? कुठली?

३) अहवाल मोफत मिळतो, तो काढा

आपल्या देशात पतविषयक माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. यांचं काम २००५ च्या कायद्याखाली चालतं. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा गुणांसह पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. "स्कोअर वाढवून देतो" म्हणणाऱ्या माणसाला पॅन, आधार किंवा ओटीपी देऊ नका.

सिबिलचे गुण ३०० ते ९०० यांच्यामध्ये असतात. पण नुसता गुणांचा आकडा पाहून अहवाल बंद करू नका. प्रगतिपत्रकात पालक फक्त टक्के बघतात आणि शेरा वाचत नाहीत, तसं होतं ते. पुढच्या गोष्टी एकेक करून तपासा :

- नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ता बरोबर आहे का?
- आपण कधी घेतलंच नाही असं कर्ज दिसतंय का?
- फेडलेलं कर्ज अजून चालू दिसतंय का?
- हप्ता किती दिवस उशिरा भरला, त्याच्या महिनावार नोंदी काय सांगतात?
- एखाद्या खात्यापुढे 'सेटल्ड' किंवा 'रिटन ऑफ' असा शेरा आहे का? 'सेटल्ड' म्हणजे तडजोड करून कमी रक्कम भरली. पूर्ण फेडून बंद केलेल्या खात्यासारखा तो शेरा धरला जात नाही.
- आपण कुणाला जामीन आहोत का?

हा शेवटचा प्रश्न माझ्यासाठी होता.

४) जामिनाची सही म्हणजे काय?

पाच वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या एका मॅडमना बँकेचं कर्ज घ्यायचं होतं. स्टाफरूममध्ये फॉर्म आला आणि मधल्या सुट्टीत, चहा पिता पिता, मी सही केली. आपल्याकडे हे असंच चालतं. आज मी तुला, उद्या तू मला. नाही म्हणायचं तर तोंड कसं दाखवायचं?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते. ते कर्ज जामीनदार म्हणून माझ्या अहवालातही होतं आणि त्याचे दोन हप्ते थकलेले दिसत होते.

मॅडमना फोन करायला मला दोन दिवस लागले. त्या माझ्यापेक्षा मोठ्या, पहिल्या वर्षी मला वर्ग सांभाळायला शिकवलेल्या. शेवटी म्हटलं, "मॅडम, राग मानू नका, पण तुमचे थकलेले हप्ते माझ्याही अहवालात आलेत." पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "अगं, यांच्या ऑपरेशनमध्ये सगळं गेलं. मला वाटलं, फक्त माझंच नाव खराब होतंय." पुढच्या तीन महिन्यांत त्यांनी थकबाकी भरली. आमचं बोलणं सुटलं नाही, याचं मला जास्त समाधान आहे.

५) पतसंस्थेचं कर्ज आणि कोरी पाटी

माझ्या अहवालात आणखी एक गोष्ट लक्षात आली. शिक्षक पतसंस्थेचं कर्ज मी सहा वर्षं पगारातून नियमित फेडलं, पण त्याची एक ओळही तिथे नव्हती. बँका आणि वित्त कंपन्या ही माहिती पाठवतात, पण आपल्या अनेक पतसंस्था या व्यवस्थेत नाहीत. म्हणजे आयुष्यभर चोख व्यवहार करणाऱ्या शिक्षकाची पाटीही बँकेला कोरी दिसू शकते. कोरी पाटी म्हणजे वाईट अक्षर नव्हे, पण वाचायला काही नसतं एवढं खरं.

अशा वेळी बँकेतल्या मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड हा चांगला मार्ग आहे. ठेव तारण राहते, तिच्या प्रमाणात खर्चाची मर्यादा मिळते. मर्यादेच्या साधारण ३० टक्क्यांच्या आत खर्च ठेवायचा आणि बिल वेळेवर पूर्ण भरायचं. हळूहळू नोंद तयार होते.

६) नोंद चुकीची असेल तर

पतमाहिती कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या बँकेकडे, दोन्हीकडे लेखी तक्रार करा. सोबत बेबाकी दाखला आणि भरलेल्या रकमेच्या पावत्या जोडा. कंपनी स्वतःच्या मनाने नोंद बदलत नाही, बँकेकडून खात्री करून घेते. तक्रार ३० दिवसांत सुटायला हवी. न सुटल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्यासाठी फी लागत नाही.

पण नोंद खरी असेल, तर ती कुणीही पुसून देऊ शकत नाही. माझ्याबाबतीत तेच झालं. थकबाकी भरली गेली, तरी उशिराच्या त्या महिन्यांची नोंद राहिली. तिथे उपाय एकच : पुढचे महिने स्वच्छ ठेवणं.

७) कार्ड खरंच हवंय का? एक गणित

मधल्या काळात मी हे गणित फळ्यावर मांडलं. शेकडेवारीचा सराव म्हणून वरच्या वर्गातल्या मुलांनाही देता येईल.

समजा बिल २०,००० रुपये आहे आणि किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे १,००० रुपये भरली. उरले १९,०००. व्याज महिना ३.५ टक्के धरलं तर एका महिन्याचं व्याज ६६५ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ११९ रुपये ७० पैसे. एकूण ७८४ रुपये ७० पैसे. म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा १,००० भरले, तर मुद्दल जेमतेम २१५ रुपयांनी कमी होणार! बिल पूर्ण भरण्याची शिस्त नसेल, तर अर्ज नाकारला गेला हे एका अर्थी बरंच झालं म्हणायचं.

आठ महिन्यांनी मी ठेवीवरचं छोटं कार्ड घेतलं. त्या दिवशी अहवालाचा कागद सासऱ्यांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी जामिनाची ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "म्हणजे सही केली तेव्हाच हे कर्ज आपलंही झालं होतं." अकरा वर्षं शिकवूनही मला जे कळलं नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

या आठवड्याचा गृहपाठ : आपला मोफत अहवाल काढा. आपण कुणाकुणाला जामीन आहोत, त्याची यादी वहीत लिहा आणि घरातल्यांना दाखवा. फेडलेल्या प्रत्येक कर्जाचा बेबाकी दाखला फाईलला लावा. आणि उद्या स्टाफरूममध्ये कुणाचा फॉर्म समोर आला, तर सही करण्याआधी रक्कम, मुदत आणि हप्ता हे तीन आकडे जरूर वाचा. ते वाचून सही केली, तर मैत्रीही टिकेल आणि नावही.