तरुणांच्या पोटाचें व कुशीचें दुखणें

पोट दुखूं लागलें म्हणजे कित्येक घरांत उपाय ठरलेला असतो: एरंडेल पाजावें, पोट चोळावें, आणि तेवढ्यानें न भागल्यास बिब्बा घालावा. बहुतेक वेळां दुखणें अजीर्णाचें असतें व आपोआप शमतें. यश मात्र एरंडेलास मिळतें. परंतु कधीं कधीं तेंच एरंडेल घातक होतें. यास्तव दुखणें कोठें आहे, तें कसें सरकतें आणि त्यासोबत दुसरें काय आहे, ह्या तीन प्रश्नांचा विचार आपण करूं.

१. आंत्रपुच्छाची सूज. मोठ्या आंतड्याच्या आरंभीं एक लहान बंद नळी असते. तिला आंत्रपुच्छ किंवा अपेंडिक्स म्हणतात. हिची सूज १० ते ३० ह्या वयांत विशेष आढळते. बहुधा आधीं बेंबीभोवतीं दुखतें, अन्न नकोसें होतें, ओकारी येते. मग कांहीं तासांनीं दुखणें पोटाच्या उजव्या बाजूस खालीं उतरतें. खोकतांना किंवा गाडीच्या धक्क्यानें तेथें कळ येते, म्हणून रोगी निश्चळ पडून राहतो. नळी आंतड्यामागें असल्यास दुखणें उजव्या कुशींतही वाटतें. १८८६ सालीं अमेरिकेंतील डॉक्टर रेजिनाल्ड फिट्झ यांनीं ह्या रोगाचें मूळ ह्या नळींत असल्याचें स्पष्ट दाखवून दिलें. जुलाबानें ती फुटण्याचा धोका वाढतो. फुटल्यावर थोडा वेळ बरें वाटूं शकतें. तो आराम नव्हे.

२. मुतखडा. येथें कळ पाठीकडून कुशींत उठते व जांघेपर्यंत जाते. ती लाटेसारखी येते आणि ओसरते. रोगी तळमळतो, त्यास कोणत्याही कुशीवर चैन पडत नाहीं. लघवी लालसर होऊं शकते. ५ मिलिमीटरहून लहान खडे बहुधा आपोआप पडून जातात. ज्यास एकदां खडा झाला, त्यानें दिवसांत सुमारें अडीच लिटर लघवी होईल इतकें पाणी पीत जावें. उन्हांत राबणाऱ्यास अधिक लागतें. परंतु कुशीच्या दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप आला, तर मूत्रपिंडास जंतूंची बाधा झाली असावी. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

३. लाजेनें लपविलेलीं दुखणीं. तरुण स्त्रीची पाळी चुकली असून ओटीपोटांत कळ येत असेल, घेरी येत असेल, तर गर्भ गर्भाशयाबाहेर नळींत वाढत असण्याचा संभव आहे. नळी फुटल्यास आंतल्या आंत रक्त वाहतें. तसेंच मुलाच्या किंवा तरुणाच्या वृषणास पीळ पडला, तर पुष्कळदा तो केवळ पोट दुखतें असेंच सांगतो. सुमारें ६ तासांच्या आंत पीळ सोडविला तर अवयव बहुधा वांचतो. म्हणून मायेनें व एकांतांत विचारावें.

आजाऱ्याच्या घरीं डॉक्टरच्या आधीं पुष्कळदा उपदेशकास बोलावणें येतें. त्यानें वरील प्रश्न विचारावे. पोट फळीसारखें कठीण झालें, ओकारी थांबेना, ताप चढला, घेरी आली, लघवी बंद झाली, किंवा दुखणें सहा तास टिकून वाढतच गेलें, तर वाट पाहूं नये. डॉक्टरनें तपासीपर्यंत जुलाब देऊं नये, पोट चोळूं नये, डाग देऊं नये, अन्नही देऊं नये. महाराष्ट्रांत १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. दुखण्याचें नांव ठरविणें हें डॉक्टरचें काम आहे. त्यास वेळेवर रोगी दाखविणें हें आपलें होय.